प्राण्याच्या नावापुढचा कंस पुसू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस तोंडावर आला की आपल्या पानांवर तीन गोष्टी ठरलेल्या असतात: उसातल्या हुमणीचा सल्ला, सर्पदंशाची सूचना आणि डेंग्यूबद्दलची खबरदारी. मधूनच ‘घाटात नवी प्रजाती सापडली’ अशी बातमीही येते. या सगळ्यांत प्राण्याचं शास्त्रीय नाव छापलेलं असतं आणि पुष्कळदा ते कुठेतरी चुकलेलं असतं. कधी केव्हाच बदललेलं नाव, कधी नुसतं अर्धं, कधी नाव देणाऱ्याच्या आडनावाभोवतीचा शेवटचा कंस गाळलेला. मुद्रितशोधनातली किरकोळ चूक म्हणून याकडे काणाडोळा होऊ नये, यासाठी हे पत्र. सीमाभागात एकाच प्राण्याला मराठी, कन्नड आणि कोकणी अशी तीन तरी नावं असतात. खानापूरचा शेतकरी, धारवाडचा कीटकशास्त्रज्ञ आणि पणजीचा डॉक्टर एकाच प्राण्याबद्दल बोलतायत, याची खात्री फक्त शास्त्रीय नावानं पटते.

सापांचंच बघा. आपल्याकडची सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. घोणशीला कन्नडमध्ये कोळकुमंडल म्हणतात आणि फुरशाला गरगसमंडल. गरगस म्हणजे करवत. घाईत कुणी नुसतं ‘मंडल’ म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दोन्हींपैकी कुठलाही साप येऊ शकतो. तिथे डॅबोया रसेली आणि एकिस कॅरिनॅटस असं लिहिलं की शंका उरत नाही. पण घोणशीचं नाव कितीतरी ठिकाणी अजून ‘व्हायपेरा रसेली’ असंच छापलं जातं. ती प्रजाती आता युरोप आणि पश्चिम आशियाकडच्या सापांसाठी वापरतात. विद्यार्थ्यानं जुन्या नावानं शोध घेतला तर अलीकडचं संशोधन निसटतं, नव्या नावानं घेतला तर आधीचं. (प्रजाती हा शब्द आम्ही मराठी विश्वकोशाप्रमाणे वापरतो आहोत: नावातला पहिला शब्द म्हणजे प्रजाती, आणि दोन्ही शब्द मिळून सांगतात ती जाती. वर्तमानपत्री मराठीत जातीलाच प्रजाती म्हणायची सवय पडली आहे. ती सोडलेली बरी.)

आता गवा. खानापूर-चंदगडकडे त्याला गवा म्हणतात, गवारेडाही म्हणतात. कन्नडमध्ये काडुकोण, म्हणजे रानरेडाच. दोन्ही भाषांनी त्याला रेड्यात बसवलं, पण तो म्हशीच्या प्रजातीतला नाही, गाईबैलांच्या प्रजातीतला आहे: बॉस गॉरस हॅमिल्टन स्मिथ, 1827 (शेवटी नाव देणाऱ्याचं आडनाव आणि वर्ष). हे नाव आज पक्कं दिसतं, पण ते आपोआप पक्कं राहिलेलं नाही. ईशान्येकडे पाळतात तो मिथुन, म्हणजेच गयाळ, हे गव्याचंच माणसाळलेलं रूप मानलं जातं आणि त्याला बॉस फ्रॉन्टॅलिस हे नाव लॅम्बर्ट यांनी 1804 मध्येच दिलं होतं. आधीचं नाव ते खरं, हा नियम सरळ लावला तर गवा आणि मिथुन यांना एकच जाती मानणाऱ्याला रानातल्या गव्यालाही फ्रॉन्टॅलिस म्हणावं लागलं असतं. म्हशीची तीच गत: पाळीव म्हशीचं बुबॅलस बुबॅलिस हे नाव 1758 चं, रानम्हशीचं बुबॅलस अर्नी 1792 चं. शेवटी आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगानं 2003 मध्ये, 2027 क्रमांकाच्या निर्णयानं, अशा 17 रानटी जातींची रूढ नावं कायम केली. पाळीव प्राण्याचं नाव आधीचं असलं तरी त्यामुळे रानटी जातीचं नाव हटणार नाही, असं ठरलं. तो निर्णय झाला नसता तर वनखात्याची गणना एका नावानं, कायद्याचं परिशिष्ट दुसऱ्या नावानं आणि विद्यापीठातला प्रबंध तिसऱ्याच नावानं, असा गोंधळ चालू राहिला असता.

हा आयोग 1895 पासून आहे. त्याची संहिता सध्या चौथ्या आवृत्तीत आहे आणि ती 1 जानेवारी 2000 पासून लागू झाली. नावांचा आरंभ 1 जानेवारी 1758 हा धरतात, कारण ही दोन शब्दांची नामपद्धती बसवणाऱ्या लिनियसच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती त्या वर्षाची. त्यानंतर जे नाव रीतसर आधी प्रसिद्ध झालं ते ग्राह्य, हा मूळ नियम. नियम चांगला आहे, पण त्यातच एक धोका आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी विस्मृत पुस्तिकेत त्याच प्राण्याला दिलेलं जुनं नाव कुणाला सापडलं, तर सगळ्या जगाच्या तोंडी बसलेलं नाव एका फटक्यात रद्द व्हायचं. म्हणून संहितेत वहिवाटीचा मान ठेवला आहे, आणि तो मोघम नाही, आकड्यांत ठेवला आहे. जुनं नाव 1899 नंतर कुणीही ग्राह्य म्हणून वापरलेलं नसावं. रूढ नाव मागच्या 50 वर्षांत किमान 25 प्रकाशनांत, किमान 10 लेखकांनी वापरलेलं असावं आणि ती प्रकाशनं किमान 10 वर्षांच्या अवधीत पसरलेली असावीत. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तर आयोगाकडे जायचीही गरज नाही. ज्याच्या लक्षात आलं त्यानं दोन्ही नावं शेजारी शेजारी मांडायची, या कलमाखाली रूढ नाव राखतो आहोत असं स्पष्ट लिहायचं आणि 25 प्रकाशनांचे दाखले जोडून ते प्रसिद्ध करायचं.

इथे नेमकी चूक कुठे होते? ‘हे नाव आता कुणी वापरत नाही’ एवढंच लिहून लोक मोकळे होतात. दाखले जोडत नाहीत, कलमाचा उल्लेख करत नाहीत. मग रूढ नावाला संरक्षण मिळतच नाही आणि पुढच्या अभ्यासकाला सगळं पहिल्यापासून करावं लागतं. अटींत न बसणारं, पण बदललं तर घोटाळा करील असं नाव असेल, तर आयोगाकडे अर्ज करता येतो. अर्ज आयोगाच्या नियतकालिकात छापला जातो, जगभरच्या अभ्यासकांना मतं मांडायला वेळ मिळतो आणि मग सदस्य मतदान करतात. प्रकरण चालू असेपर्यंत रूढ नावच वापरायचं असतं. ‘अर्ज गेला म्हणजे नाव बदललं’ असं समजून आधीच नवं नाव छापणं ही दुसरी नेहमीची चूक. भीमगड आणि काळीच्या जंगलातल्या वाघाचं पॅंथेरा हे प्रजातिनाव अशाच अर्जानं टिकलं आहे. ओकेन यांचा 1816 चा ग्रंथ आयोगानं 1956 मध्ये बाद ठरवला होता. त्यातलं पॅंथेरा मात्र इतकं रुळलेलं होतं की 1985 मध्ये ते वेगळं काढून कायम करावं लागलं.

नाव टिकतं ते मुळात एका नमुन्याच्या आधारावर. संग्रहालयातल्या ठरावीक प्राण्याला ते नाव कायमचं बांधलेलं असतं; त्याला टाइप म्हणतात, आणि वर्णन करतानाच एकच नमुना ठरवलेला असेल तर होलोटाइप. हा नमुना चुकीचा निघाला तर काय होतं, हे हत्तीच्या बाबतीत दिसलं. दांडेलीकडून खानापुरात उतरणाऱ्या हत्तीचं नाव एलेफस मॅक्सिमस लिनियस, 1758. लिनियसपुढचा एक आधार होता मद्यार्कात ठेवलेला हत्तीचा गर्भ, आज स्टॉकहोमला असलेला. प्रथिनं आणि डीएनए तपासल्यावर तो आफ्रिकन हत्तीचा निघाला. तोच टाइप राहिला असता तर आशियाई हत्तीचं नाव आफ्रिकन हत्तीकडे गेलं असतं. 2014 मध्ये अभ्यासकांनी लिनियसनं आधार घेतलेल्या दुसऱ्या नमुन्याचा माग काढला: जॉन रे यांनी सतराव्या शतकात पाहून वर्णिलेला, फ्लॉरेन्सच्या संग्रहालयातला सांगाडा. तो आशियाई हत्तीचाच होता. त्याला टाइप नेमलं आणि नाव जागेवर राहिलं. साडेतीनशे वर्षं एक सांगाडा नीट जपला म्हणून हे जमलं. आपल्या महाविद्यालयांत बुरशी आलेल्या बरण्या सुट्टीत टाकून दिल्या जातात, त्यांनी याचा विचार करावा.

तरीही काही नावं बदलणारच, आणि काही बदलायलाच हवीत. नागराज याचं ताजं उदाहरण आहे. 2024 पर्यंत भारतापासून फिलिपिन्सपर्यंत सगळ्या नागराजांना एकच नाव होतं, ओफिओफॅगस हॅना. आता त्याच्या चार जाती मानतात, आणि पश्चिम घाटातल्या जातीचं नाव ओफिओफॅगस कालिंगा. कन्नडमधल्या ‘काळिंग सर्प’ या नावावरूनच ते घेतलं आहे. हा बदल नियमामुळे झाला नाही, प्राण्याविषयी जास्त कळल्यामुळे झाला. तो अडवायचा अधिकार आयोगालाही नाही. जाती किती मानायच्या हे आयोग ठरवत नाही, मानल्यावर त्यांची नावं कशी ठेवायची एवढंच सांगतो. अशा वेळी छापताना ‘ओफिओफॅगस कालिंगा, पूर्वी ओफिओफॅगस हॅनामध्ये गणला जाई’ अशी एक ओळ पुरते. निदान पाच-दहा वर्षं ती ठेवावी.

डेंग्यूच्या डासाला हेच झालं, पण उलट्या दिशेनं. एडिस एजिप्टी हे नाव 1964 मध्ये आयोगानं पक्कं केलं होतं. 2004 मध्ये काही तज्ज्ञांनी एडिसचे तुकडे पाडून त्याला स्टेगोमाया प्रजातीत टाकलं. बऱ्याच वैद्यकीय नियतकालिकांनी ते स्वीकारलं नाही, आणि 2015 मध्ये पुन्हा सगळं एडिसमध्ये आलं. मधल्या अकरा वर्षांत लिहिलेल्या आरोग्यपत्रकांत दोन्ही नावं विखुरलेली आहेत. आमचं स्पष्ट मत आहे की जनतेच्या आरोग्याशी जोडलेल्या प्राण्याचं प्रजातिनाव बदलायला अभ्यासकांनी घाई करू नये, आणि आपण छापायला तर मुळीच करू नये.

नावाच्या शेवटच्या अक्षरांचंही असंच. लॅटिनमध्ये विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे चालतं, जसं आपण काळा घोडा, काळी घोडी म्हणतो. धामणीला लिनियसनं कोलुबर म्युकोसस म्हटलं, कोलुबर पुल्लिंगी. पुढे ती टायस प्रजातीत आली, आणि टायस स्त्रीलिंगी आहे हे 2004 मध्ये दाखवून दिलं गेलं. म्हणून आता टायस म्युकोसा. प्रयोगशाळेतल्या पिढ्यान् पिढ्यांच्या ओळखीचा बेडूक, राना टायग्रिना, याच्या बाबतीत तर तीन बदल एकदम झाले. प्रजाती हॉप्लोबॅट्राकस झाली. ती पुल्लिंगी म्हणून शेवट ‘अस’ झाला. आणि दोदाँ यांनी 1802 मध्ये केलेलं मूळ स्पेलिंग ‘टायगेरिना’ होतं म्हणून मधलं ‘e’ परत आलं. झालं हॉप्लोबॅट्राकस टायगेरिनस. मात्र माणसाच्या नावावरून षष्ठीत केलेली नावं, उदाहरणार्थ रसेली, प्रजाती बदलली तरी हलत नाहीत. ‘जुळवून’ घेतो म्हणून तीही बदलू नयेत.

आता कंस. आपल्या खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत एक वटवाघूळ राहतं. लंडनच्या ओल्डफिल्ड थॉमस यांनी 1913 मध्ये त्याचं वर्णन निक्टिनोमस या प्रजातीत केलं आणि रॉटन या वनाधिकाऱ्याचं नाव दिलं. आज ते असं लिहितात: ओटोमॉप्स रॉटनी (थॉमस, 1913). हा कंस सजावटीचा नाही. कंस असेल तर त्याचा अर्थ: थॉमसनी नाव दिलं तेव्हा प्रजाती वेगळी होती. कंस नसेल तर पहिल्या दिवसापासून तीच प्रजाती आहे. गव्याच्या नावापुढे कंस नाही, वाघाच्या नावापुढे आहे, कारण लिनियसनं वाघाला मांजराच्या फेलिस प्रजातीत ठेवलं होतं. उपसंपादकानं ‘कंस नको’ म्हणून तो काढला, की मूळ वर्णन कुठल्या नावाखाली शोधायचं याची खूण जाते. आणि हे वटवाघूळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. गुहेजवळ काही उभं राहायचं असेल तेव्हा वकील त्या कागदावरचं नावच वाचणार आहेत.

रॉटन ब्रिटिश होते म्हणून हे नाव बदला, असंही कुणी म्हणेल. गावाच्या आणि रस्त्याच्या नावाची गोष्ट निराळी. ती माणसांच्या जगण्याशी आणि भाषेशी बांधलेली आहे, आणि ती किती खोल असते हे सीमाभागाला सांगायला नको. प्राण्याच्या शास्त्रीय नावाचं काम एवढंच की ते सगळ्यांनी सगळीकडे एकाच प्राण्यासाठी वापरावं. नाव अयोग्य वाटतं या कारणासाठी ते बदलता येत नाही, अगदी ते देणाऱ्यालाही नाही. 2023 मध्ये आयोगाच्या सदस्यांनी ही भूमिका पुन्हा मांडली. आम्हाला ती पटते. चोर्ल्याच्या परिसरातल्या देवगांडुळाला (गांडुळासारखा दिसणारा, बिनपायाचा उभयचर) 2007 मध्ये गेजेनिओफिस म्हादेईएन्सिस हे नाव मिळालं. नदीला गोव्यात म्हादई म्हणतात, कर्नाटकाच्या कागदांत महादायी लिहितात, पाण्याचा तंटा काहीही होवो, देवगांडुळाच्या नावातलं स्पेलिंग आहे तसंच राहील.

नव्या जातीच्या बातमीबद्दल आपल्याला थेट विनंती आहे. शोधनिबंध प्रसिद्ध होण्याआधी नवं नाव छापू नका, संशोधकानं आग्रह केला तरी. वर्णनाशिवाय छापलेलं नाव संहितेच्या दृष्टीनं उघडं पडतं. त्याला काही किंमत नसते, पण ते लोकांच्या तोंडी बसतं. मधल्या काळात संशोधकानं नाव बदललं किंवा दुसऱ्यानं त्याच प्राण्याचं वर्णन आधी केलं, की दोन नावं फिरू लागतात. बातमी देताना तीन प्रश्न विचारा. निबंध कधी आणि कुठे आला? होलोटाइप कुठल्या संग्रहालयात, कुठल्या क्रमांकानं ठेवला? निबंध फक्त ऑनलाइन असेल तर झूबँकमध्ये, म्हणजे आयोगाच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंद आहे का? 2012 पासून ऑनलाइन प्रकाशनाला ही नोंद सक्तीची आहे आणि तिचा क्रमांक निबंधातच हवा. शिवाय जैवविविधता कायदा, 2002 प्रमाणे नवी जाती सापडली तर ती कळवून नमुना नेमलेल्या संस्थेत जमा करावा लागतो. एकाही प्रश्नाचं उत्तर नसेल तर बातमी थांबवा.

सर्वांत जास्त काम आहे ते ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत. नोंदवही कन्नडमध्ये भरली जाते, सांगणारा मराठी असतो आणि मध्ये शब्दकोश येतो. ‘वाघ’ लिहिला जातो, पण आपल्या वाड्यांवर बिबट्यालाही वाघच म्हणतात. ‘हुमणी’चं ‘गोण्णे हुळू’ होतं, पण कुठली हुमणी हे राहून जातं. कृष्णाकाठच्या उसात मुख्य दोन आहेत: होलोट्रायकिया सेराटा (फॅब्रिशियस, 1781) आणि ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. सेराटाचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर सांजवेळी कडुनिंब-बाभळीवर पाला खायला जमतात, तेव्हा झाड हलवून ते गोळा करता येतात. ल्युकोफोलिसला तोच उपाय तसाच लागू पडत नाही. रयत संपर्क केंद्रात नुसतं ‘हुमणी’ सांगून सल्ला घेतला तर चुकीच्या महिन्यात चुकीच्या झाडाखाली उभं राहायची पाळी येते.

ओळख पटवायला ठोंबाखालची माती उकरून पाच-सहा मोठ्या अळ्या घ्या. जिवंत अळी थेट मद्यार्कात टाकली तर काळी पडते. आधी कढत पाण्यात मिनिटभर बुडवून मग 70 टक्के मद्यार्कात ठेवा. अळीच्या शेवटच्या खंडाच्या खालच्या बाजूला बारीक काट्यांची मांडणी असते. दहापट भिंगाखाली ती दिसते आणि ओळख तिच्यावरच ठरते. सोबत दोन-चार भुंगेरे मिळाले तर उत्तमच. चिठ्ठी बाटलीच्या आत टाका आणि ती पेन्सिलीनं लिहा. बॉलपेनची शाई मद्यार्कात विरघळते, लेझर प्रिंटची अक्षरं सुटून तळाशी बसतात.

नोंदवहीत, मग, प्रत्येक प्राण्यापुढे त्या गावातलं मराठी नाव आणि कन्नड नाव, दोन्ही सांगणाऱ्याच्या उच्चारानं. शास्त्रीय नाव रोमन लिपीत, कारण संहितेप्रमाणे ते रोमनमध्येच असावं लागतं, आणि ‘रॉटनी’ असं देवनागरीत वाचून मूळ स्पेलिंग कुणालाही लावता येणार नाही. पुढे नाव देणाऱ्याचं आडनाव, वर्ष आणि असल्यास कंस. मग ओळख कुणी आणि कुठल्या पुस्तकावरून पटवली, फोटो किंवा नमुन्याचा क्रमांक, तारीख, शिवार, अक्षांश-रेखांश. हे शेवटचं असलं की उद्या नाव बदललं तरी नोंद वाया जात नाही. पाहणारा फोटोवरून नवं नाव लावू शकतो. वन्यप्राण्याला परवानगीशिवाय हात लावायचा नाही हे पीडीओंनी (पंचायत विकास अधिकाऱ्यांनी) सर्वेक्षणाला पोरं पाठवताना आधी सांगावं, फोटो पुरतो.

आणि जुन्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या. कुणावर ‘मुंबई इलाखा, बेळगाव जिल्हा’ असेल, कुणावर 1956 नंतरचं ‘म्हैसूर राज्य’, कुणावर 1973 नंतरचं ‘कर्नाटक’, आणि 2014 नंतरच्यावर ‘बेळगावी’. त्यातली एकही खोडून दुरुस्त करू नका. आजचं ठिकाण लिहायचंच असेल तर दुसरी चिठ्ठी करा, तिच्यावर आपली तारीख घाला आणि जुनीच्या मागे त्याच बाटलीत ठेवा.

कळावे,
आपले,
प्राणिशास्त्राचे काही आजी-माजी शिक्षक,
खानापूर व बेळगाव